रायफल तयार येत नाही, बसवावी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला नेमबाजीवरचा लेख मी इथे पेनसिल्व्हेनियात स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून वाचला. स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसच्या पदकापासून सुरुवात, त्याच्या कांबळवाडी गावाचं वर्णन, तेजस्विनी सावंतचं २०१० सालचं विश्वविजेतेपद, सगळं छान. फक्त मधल्या चौकटीतलं एक वाक्य घशाखाली उतरेना. अमेरिकेत दुकानातून घेतलेली साधी शिकारी रायफलसुद्धा म्हणे ‘केसाला नेम धरते’, आणि तशी हत्यारं आपल्या पोरांना मिळाली तर कोल्हापुरात पदकांची रांग लागेल.

मी अकरा वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, फिटर होतो. गेली बावीस वर्षं इथल्या एका टूलरूममध्ये आहे. अशी एक साधी शिकारी रायफल माझ्या घरात कुलूपबंद कपाटात आहे. केसाचं सोडा, पहिल्या वर्षी तिने जेवणाच्या ताटावर नेम धरला तरी मी देवाला हात जोडत होतो. ती सुधारायला मला एक अख्खा हिवाळा लागला, आणि त्यातलं बरंचसं काम मी उद्यमनगरातच शिकलो होतो, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री चालवा, पण आकडे तेवढे ठेवा.

आधी इथली परिस्थिती सांगतो, नाहीतर वाचकांना वाटेल म्हातारा बिघडला. पेनसिल्व्हेनियात हरणं उदंड आहेत. मक्याच्या शेतात घुसतात, रात्री गाडीखाली येतात. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या आसपास रायफलीचा हंगाम सुरू होतो आणि गावंच्या गावं रानात जातात. आधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो, मग परवाना मिळतो, आणि अंगावर किमान २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड लागतं. मोठ्या जनावरासाठी आपोआप भरणाऱ्या रायफलीला बंदी आहे, म्हणून बरेच जण बोल्टवाली वापरतात : एक गोळी झाडा, हाताने बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, मग दुसरी. मी ग्रीन कार्ड मिळाल्यावर शेजारच्या आजोबांच्या नादाने सुरुवात केली. एका हरणात आमचं चार महिन्यांचं भागतं. बायकोने त्याचं सुकं केलं की आजोबा ताट पुसून खातात.

माझी रायफल .३०८ विंचेस्टर (हे काडतुसाच्या मापाचं नाव), २२ इंची नळी, काळ्या प्लॅस्टिकचा दस्ता, वर दुर्बीण. सगळ्यात स्वस्तातली नव्हे, महागही नव्हे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा खास असा दोष नाही. त्या किमतीत सगळेच असंच देतात.

पहिल्या हंगामात दीडशे यार्डांवर एक मादी उभी होती. मी खांद्यामागे नेम धरला आणि गोळी वीतभर मागे पोटात लागली. जनावर पळालं. अंधार पडेपर्यंत आम्ही पानांवरचे रक्ताचे थेंब बॅटरीने शोधत फिरलो, आणि ते सापडलं दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्याच्या काठी. आजोबा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन हात मागे बांधून विचार केला. चूक माझी की रायफलीची? उद्यमनगरात आमचे मिस्त्री म्हणायचे, “जॉब हलतोय म्हंजे जॉबला शिव्या घालू नगंस. बैठक बघ आधी.” म्हणून आधी मोजायला गेलो. शंभर यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून एकाच ठिपक्यावर पाच गोळ्या झाडल्या. दोन टोकांच्या छिद्रांमधलं अंतर मोजलं तर तीन इंचांवर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, भरलं. याला इकडे ग्रुप म्हणतात. चांगली रायफल ‘एक मिनिट’ मारते असं म्हणायची पद्धत आहे. ते मिनिट म्हणजे घड्याळातलं नव्हे, कोनाचं, एका अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर ते १.०४७ इंच होतं. मी तिपटीवर होतो.

इथे आपल्या लेखातल्या केसाबद्दल थोडं बोलू द्या, कारण सगळा घोळ मोजण्यात आहे. दुकानदार खिशातून तीन गोळ्यांचा कागद काढून दाखवतो, ‘बघा, पाऊण इंच’. तीन गोळ्यांचा ग्रुप म्हणजे तीन जॉब मोजून अख्खा लॉट पास करणं. गोळ्या वाढवल्या की ग्रुप वाढणारच, रायफल तीच असली तरी. सरासरीने पाच गोळ्यांचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा पावपटीने मोठा येतो आणि दहाचा दीडपटीहून थोडा जास्त. हे रायफलीचं नव्हे, गणिताचं आहे. त्यात दहा कागदांमधला सगळ्यात लहान खिशात आणि बाकीचे नऊ केराच्या डब्यात गेले की झाला केसाचा नेम. मी माझे सगळे कागद तारखेसकट फाइलीत ठेवले, वाईटातला वाईटसुद्धा. म्हणून पुढचे आकडे छातीठोक देतोय.

पहिला चोर सापडायला दहा मिनिटं लागली. दुर्बीण ज्या पट्टीवर बसते तिचे चार स्क्रू. पुढचे दोन हातानेच फिरले. दुकानातून आणल्यापासून ते तसेच असावेत, आणि माझ्यासारख्या माणसाने, ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे नट आवळले, स्वतःचे एकदाही तपासले नव्हते. उघडले, तेल पुसलं, आट्यांना निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, ठिपका लावला आणि टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, २० इंच-पाउंडांवर बसवले. दुर्बिणीच्या कड्यांचं तेच केलं, फक्त जोर थोडा कमी, नाहीतर नळकांडं चेपतं. ग्रुप सव्वादोन इंचांवर आला. एक पैसा न घालता पाऊण इंचाहून जास्त गेलं.

दुसरा चोर प्लॅस्टिक. बंदुकीची नळी गोळी झाडताना छेडलेल्या तारेसारखी थरथरते. गोळी मिलिसेकंदाच्या आसपास बाहेर पडते, पण तेवढ्यात नळीचं तोंड हललेलं असतं. प्रत्येक वेळी सारखंच हललं तर तक्रार नाही. तक्रार तेव्हा, जेव्हा दस्त्याचा पुढचा भाग नळीला एकदा टेकतो आणि एकदा नाही. हा तपास सोपा आहे. एक नोट घेऊन नळी आणि दस्ता यांच्या फटीतून मागे सरकवायची. माझी डॉलरची नोट दोन इंच आत जाऊन डाव्या बाजूला अडकली. शिवाय वाळूची पिशवी टोकाशी ठेवली की ते मऊ प्लॅस्टिक वाकून नळीला चिकटायचं, पिशवी मागे घेतली की सुटायचं. म्हणजे पिशवी कुठे ठेवली त्यावर नेम ठरायचा!

मात्र इथे घाईने कानस घेऊन बसू नये. काही कारखाने दस्त्याच्या टोकाला मुद्दाम एक उंचवटा ठेवतात, तो नळीला ठराविक दाबाने टेकावा म्हणून. काही पातळ नळ्या त्या टेकूवरच चांगल्या चालतात, आणि एकदा घासलेलं परत लावता येत नाही. मी आधी लोखंडी भागाखाली पत्त्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे घालून नळी तात्पुरती उचलली, तशा दोनदा पाच-पाच गोळ्या मारून पाहिल्या, सुधारणा दिसली, मगच पान्याच्या सॉकेटला पॉलिश पेपर गुंडाळून दस्त्यातली नळीची खाच रुंद केली. पावणेदोन इंच.

आता बैठक. इंग्रजीत याला बेडिंग म्हणतात, आम्हाला शब्द शोधावा लागत नाही. ऑइल इंजिनाच्या बेअरिंगला निळ (टेकलेल्या जागी खूण उठवणारा रंग) लावून शाफ्ट फिरवायचा, कुठे टेकतंय ते बघायचं, तेवढंच खरवडायचं, परत निळ, हे मी पोरवयात किती वेळा केलं असेल! रायफलीत शाफ्टच्या जागी नळीच्या मुळाशी जोडलेला मुख्य लोखंडी भाग आहे, ज्यात बोल्ट चालतो. त्याच्या पुढच्या टोकाला खाली एक दात आलेला असतो, त्याला रिकॉइल लग म्हणतात. धक्का बसला की सगळं लोखंड मागे जाऊ पाहतं आणि हा दात दस्त्याच्या खाचेला रेटतो. माझ्या दाताला निळ लावून बसवलं, दोन गोळ्या झाडून उघडलं. निळीची खूण खाचेत एकाच बाजूला उमटली होती. एका कोपऱ्यावर टेकत होता. मग प्रत्येक गोळीला जॉब जरासा तिरका फिरून बसणार, दुसरं काय होणार?

उपाय असा की दात आणि त्यामागचं थोडं लोखंड नेमकं ज्या आकाराचं आहे त्या आकाराचा साचा दस्त्यात एपॉक्सीने ओतायचा. ऐकायला सोपं. प्लॅस्टिकला एपॉक्सी नीट धरत नाही, म्हणून आत बारीक भोकं पाडून, खरबरीत करून त्याला पकड द्यावी लागते. मॅगझिनच्या पोकळीत आणि बाकीच्या खड्ड्यांत पोरांच्या खेळातली माती भरायची, नाहीतर एपॉक्सी तिथे जाऊन बसते. दाताच्या पुढे, दोन्ही बाजूंना आणि तळाला कागदी चिकटपट्टी लावायची, मागचा चेहरा मात्र उघडा. तोच रेटणार, तोच घट्ट हवा. पट्टी काढल्यावर बाकी सगळीकडे कागदाच्या जाडीची मोकळीक राहते. लोखंडाला एपॉक्सी चिकटू नये म्हणून बुटाच्या रंगहीन पॉलिशचे दोन हात. आणि स्क्रू नुसते टेकवायचे, आवळायचे नाहीत. आवळले की प्लॅस्टिक वाकतं आणि साचा त्या वाकलेल्या आकाराचा होतो, मग आयुष्यभर ती वाकडी बैठकच खरी.

एवढं सगळं पाठ करून मी मागच्या स्क्रूच्या आट्यांना पॉलिश लावायचं विसरलो.

चोवीस तासांनी उघडायला गेलो तर दस्ता आणि लोखंड एकजीव. रबरी हातोडी मारली, शिव्या दिल्या, दोन्ही वाया. शेवटी आजोबांनी युक्ती सांगितली. बोल्ट काढला, काडतुसं तर वेगळ्या कपाटात होतीच, आणि रायफल रात्रभर हरणाच्या मांसाच्या आडव्या फ्रीझरमध्ये तिरकी ठेवली. थंडीने लोखंड आणि प्लॅस्टिक वेगवेगळं आक्रसतं. सकाळी बायको ओलं खोबरं काढायला गेली. तिचं पुढचं बोलणं छापण्याजोगं नाही. पण हातोडीच्या तिसऱ्या ठोक्याला कट्‌ आवाज आला आणि सुटलं. साचा आरशासारखा निघाला होता.

स्क्रूच्या भोकांत मी लेथवर काढलेल्या अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या बसवल्या. स्क्रू आवळला की आता लोखंड अॅल्युमिनियमवर टेकतं, मधल्या प्लॅस्टिकला चेपत नाही. दोन्ही स्क्रू ५५ इंच-पाउंडांवर, आपल्या मापात सुमारे ६.२ न्यूटन-मीटर. हा आकडा माझ्या रायफलीचा. नुसत्या प्लॅस्टिकवर एवढा जोर लावू नये, तिथे कारखान्याच्या पुस्तिकेतला आकडाच पाळावा. ग्रुप एक इंच आणि तीन सूत.

काडतुसांबद्दल थोडक्यात. पाच वेगवेगळ्या प्रकारांचे डबे आणले, १५० ते १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्यांचे. तीच रायफल, तीच बैठक, तोच मी. एका १५० ग्रेनच्या डब्याने सव्वादोन इंच मारले आणि एका १६५ ग्रेनच्या डब्याने सव्वा इंचाच्या आत. महाग डबा तिसरा आला. का, ते मला ठाम सांगता येणार नाही आणि दुकानदाराला तर नाहीच. प्रत्येक नळीची आवड निराळी, करून बघण्यावाचून इलाज नाही. हे आधी केलं असतं तर निम्मी मेहनत वाचली असती, हेही कबूल करतो.

नळी साफ करताना गज नेहमी बोल्टच्या बाजूने घालावा. पुढून घातला तर घासून तोंडाची कड खराब होते, आणि गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचाच असतो. पातळ नळी पाच गोळ्यांत हात लावू नये इतकी तापते, मग दहा मिनिटं चहा. चापाला मी हात लावला नाही. कारखान्यातून आला तेव्हा तो ओढायला जवळजवळ सहा पौंडांचा जोर लागायचा आणि सगळी रायफल सात पौंडांची, म्हणजे चाप ओढताना रायफलच हलणार. पण चुकीचा केलेला चाप धक्क्याने आपोआप सुटू शकतो. ते काम परवानाधारक गनस्मिथकडे दिलं, त्याने साडेतीन पौंडांवर आणून दिला.

आणि मग आजोबांनी माझी अब्रू काढली. रेंजवर मला म्हणाले, “आज मी भरून देतो, तू फक्त झाड.” पाचातलं एक काडतूस त्यांनी खोटं घातलं होतं, कोणतं ते मला ठाऊक नाही. तिसऱ्याला चाप ओढला, नुसतं टिक्क वाजलं आणि नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलं. डोळे मिटलेले होते, असं ते म्हणतात. धक्क्याच्या धास्तीने मी गोळी सुटायच्या आधीच रायफलीला ढकलत होतो. त्या हरणाच्या वेळी सैल स्क्रू किती आणि मी किती, हे आता कोण सांगणार? पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी जेवणाआधी वीस वेळा खोट्या काडतुसावर कोरडा चाप ओढला, भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत. बायको मोजायची आणि पोळ्या लाटायची.

मार्चमध्ये चार वेगवेगळ्या दिवशी पाच-पाच गोळ्या मारल्या. चार ग्रुपची सरासरी १.१ इंच. दहा गोळ्यांचा एक कागद मारला, तो दीड इंचाच्या आत बसला. रानात ऐंशी-शंभर यार्डांवर हरणाच्या काळजा-फुप्फुसाची जागा सात-आठ इंचांची असते, म्हणजे एवढ्याची गरजही नव्हती. पण तो ओढा मी विसरलेलो नाही.

आता पॅरिसकडे या. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि कड लागली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात हवा. कोनात मोजलं तर ते १.१ मिनिटं, शंभर यार्डांवर सव्वा इंचाहून थोडं कमी. माझी रायफल एवढा हिवाळा घालवून, बाकावर बसून, वाळूच्या पिशवीवर टेकवून जेमतेम तिथे पोचते. स्वप्नीलने पात्रता फेरीत ६० गोळ्यांत ६०० पैकी ५९० केले, त्यातल्या २० गुडघ्यावर, २० पालथं पडून आणि २० नुसतं उभं राहून. पिशवी नाही, बाक नाही. अंतिम फेरीत तर दहाच्या आतही दशांश मोजतात, तिथे ४५१.४ आले तेव्हा कांस्य मिळालं. त्याची रायफल निराळ्या जातीची आहे, .२२ ची, शिकारीसाठी नसलेली, वजनाने माझ्या दुप्पट आणि अंगाच्या मापाने जुळवून घेतलेली. तिची आणि दुकानातल्या शिकारी रायफलीची तुलना करणं म्हणजे शर्यतीच्या घोड्याशेजारी टांग्याचा घोडा उभा करणं. आणि टांग्याचा घोडाही नाल ठोकून घेतल्याशिवाय धड चालत नाही.

एक सूचना जरूर छापावी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. दाजीपूरचं रान एकेकाळी संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं, १९५८ पासून गव्यांचं अभयारण्य आहे, त्याला आता तसंच राहू द्या. पिकासाठी परवान्याची बंदूक ज्यांच्या घरी आहे त्यांनीही हे वाचून घरात कानस-एपॉक्सी काढू नये. शस्त्र कायद्यात दुरुस्तीला परवाना लागतो. स्वतः हात न लावता परवानाधारकाकडून स्क्रू तेवढे तपासून घ्यावेत.

मुलांच्या क्लबच्या रायफलींना, एअर रायफल असो की .२२, दस्ता धरून ठेवणारे स्क्रू असतातच, आणि ते कुणी कधी मोजून आवळले होते हे विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकमेकांची तोंडं बघतात, इथेही. मी दिवाळीत पंधरा दिवस कोल्हापुरात आहे. कुणा प्रशिक्षकाला हवं असेल आणि त्यांच्या परवानाधारक मेकॅनिकची हरकत नसेल, तर टॉर्क पाना बॅगेत घालून आणतो. पत्ता आपल्या कार्यालयात कळवून ठेवला आहे. सकाळची वेळ द्यावी, दुपारी मी उद्यमनगरात जुन्या मिस्त्रींकडे असेन. त्यांना तो फ्रीझरचा किस्सा अजून सांगायचा आहे.

आपला,
उद्यमनगरचा एक जुना फिटर
(सध्या मुक्काम पेनसिल्व्हेनिया)